डावं पायडल

कोंडीराम रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होता. आठवडाभर तिकडेच खोलीवर राही आणि शनिवारी एसटीने कडावला घरी येई. पाय धुऊन चहा घेतला, की घरामागच्या पडवीत शिरे. तिथे त्याने हौसेने आपलं छोटं वर्कशॉप मांडलं होतं.

चौऱ्याहत्तर साली, दिवाळी तोंडावर असताना, त्याने तिथे सायकल बनवायला घेतली. त्याच्या मुलीसाठी, मैनासाठी.

मैनाचा डावा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडला होता, उजव्यापेक्षा आखूडही राहिला होता. गावातली सातवी ती पहिल्या नंबराने पास झाली, पण पुढची शाळा कर्जतला. तिला एसटीत चढायला वेळ लागे, आणि तेवढ्यात कंडक्टर घंटी मारून मोकळा होई. दिवाळीनंतर आली तरी वर्गात घेईन, असा हेडमास्तरांनी शब्द दिला होता. बाजारातली एकही सायकल तिच्या पायाला जुळणारी नव्हती.

कोंडीरामने सुतळीने तिच्या पायांची मापं घेतली. नळ्या कापल्या, फळीवर खिळे ठोकून त्यांच्यामध्ये त्या बसवल्या, पितळ वितळवून सांधे भरले. त्याची बायको भीमाबाई भाता मारायला बसे. धुराने डोळे चुरचुरत, पण दोघं उठत नसत. डाव्या पायडलचा दांडा त्याने मुद्दाम आखूड केला. पायडलवर लाकडी पाट बसवला आणि पाय घसरू नये म्हणून चामड्याचा पट्टा लावला.

सायकल आढ्याला टांगून त्याने चाक फिरवलं आणि जेवायला गेला. हात धुऊन परत आला, तरी चाक फिरतच होतं.

"बेअरिंग झ्याक बसलंय," तो म्हणाला.

"अवो, जेवून झालं की तुमचं," भीमाबाई म्हणाली.

त्याने हाताने चाक धरलं. दाव्याला बांधलेलं वासरू हिसका देतं, तसा हिसका त्याला बसला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की पायडल कुठेही नेऊन सोडलं तरी डावंच खाली येतं. हे उलटं होतं. डावा दांडा आखूड; पाट-पट्टा धरूनही ती बाजू हलकीच. खाली यायला हवा उजवा. त्याने सगळं खोललं, रॉकेलने धुतलं, नवं ग्रीस भरून पुन्हा बसवलं. डावं पायडल सावकाश खाली आलं आणि तिथेच राहिलं. कुणीतरी त्यावर पाय देऊन उभं राहावं, तसं.

पण दारात मैना दप्तर घेऊन बसली होती.

खळ्यावर त्याने तिला सीटवर बसवलं आणि मागून धरलं. ती आयुष्यात कधी सायकलवर बसली नव्हती. त्याच्या हातून सीट सुटली आणि ती सरळ निघाली, खळ्याला गोल फेरे मारू लागली.

"बाबा, डाव्या पायाला जोरच लावायला लागत नाय!"

भीमाबाई पदराने डोळे पुसत हसत होती. कोंडीराम मैनाच्या डाव्या पायाकडे बघत होता. पोटरी सैल लोंबत होती. पाय पायडलला ढकलत नव्हता, पायडल त्याला वरखाली नेत होतं.

मैना शाळेत जाऊ लागली. एका शनिवारी शेजारचा शुक्रा भेटला.

"कोंडीराम, तुजी पोर चढावालाबी दमत नाय रं. पन हाक मारली तर थांबत नाय."

त्याने मैनाला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "ब्रेक दाबते मी, बाबा. ती थांबते, पन तिच्या मनानं."

संक्रांतीच्या सुमारास मैनाच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडू लागली. मग तो पाय उंबऱ्याला अडखळू लागला. कर्जतच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकून पाहिलं, सुई टोचून पाहिली. दोष काहीच सापडेना. कोंडीरामने घरी सुतळी काढली. उजवी पोटरी डावीहून बारीक भरली.

महिना सरला नाही, तोच मैना उभी राहीनाशी झाली.

त्याने सायकल ओढत पडवीत नेली, व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि लोखंड कापायचा हॅकसॉ हातात घेतला. भीमाबाईने मैनाला उचलून दारापाशी आणून बसवलं होतं. ती बापाकडे टक लावून बघत होती.

"कापा, बाबा," ती म्हणाली. "पन आदी मला उतरू द्या."

"काय म्हंतेस, मैने? तू हितं हायस. आयेजवळ."



पोरीला ताप चढला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. तिच्या कपाळाला हात लावायला मात्र तो गेला नाही. त्याने करवत चालवली. एकेक नळी सुटून जमिनीवर पडली. तुकडे गोणीत भरून त्याने ते पेज नदीच्या डोहात टाकले. बुडबुडे थांबेपर्यंत काठावर उभा राहिला आणि दुपारच्या गाडीने रसायनीला गेला.

पुढच्या शनिवारी तो आला, तेव्हा भीमाबाई दारातच होती. केस विंचरलेले नव्हते.

"जेवत नाय," ती म्हणाली. "निसती धापा टाकते."

"बोलते का काय?"

"गावांची नावं घेते. पयल्या दिशी कशेळं म्हनाली. मंग तेच्या म्होरलं मुरबाड." ती थांबली. "आता घेते ती गावं मला ठाव नायत."

तो आत गेला.

मैना भिंतीला टेकून खाटेवर बसली होती.

दोन्ही पाय गोधडीखाली निश्चल होते.

"मैने," त्याने हाक मारली.

तिने मान वळवली नाही. डोळे बारीक करून ती समोर बघत होती.

बाहेर ऊन रणरणत होतं, घरात वाऱ्याचा लवलेश नव्हता.

तिचे केस मागे उडत होते.