सहाव्या खिडकीतलं मनगट

दुपारचं जेवण आटोपून ती चाचणीच्या खोलीकडे निघाली, तेव्हा तिच्या डोक्यात भुताखेताचं काही नव्हतं. डोक्यात होते छोटे साहेब. परफ्यूमच्या त्या कारखान्यात तिला सगळे 'बाईंची लेक' म्हणत. बाई म्हणजे तिची आई. तिथले सुगंध जुळवायचं काम त्यांचं, आणि लेक त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. बाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी जुळवलेला शेवटचा परफ्यूम, निशिगंध आणि जाईचा, राहणार की जाणार ते आज ठरायचं होतं.

प्रकरण चीड आणणारं होतं. थोरल्या साहेबांनी त्या परफ्यूमच्या खोक्यावर छापलं होतं, 'शांत, सोशिक स्त्रीसाठी'. बाई तेव्हा कडाडून भांडल्या होत्या. "साहेब, सोशिक बाई हवी असेल तर दुसरीकडे शोधा. माझ्या बाटलीत ती नाही." कोणी ऐकलं नाही. परफ्यूम पडून राहिला. सोशिक म्हणवून घ्यायला वर पैसे कोण देणार? आता थोरल्यांच्या खुर्चीत बसलेले चिरंजीव खोकं बदलायचं सोडून परफ्यूमच बंद करायला निघाले होते. बाईचा स्वभाव कसा असावा हे यांनी ठरवायचं, आणि गणित चुकलं की शिक्षा फुलांना!

"आज शेवटची चाचणी," छोटे साहेब दारातच म्हणाले. "बायका पुन्हा 'गरीब गाय' म्हणाल्या की विषय संपला. उरलेला माल साबणात टाकू."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर खोकं बदलतो. शब्द दिला."

ती खोली म्हणजे एक अरुंद बोळ. एका अंगाला ओळीने सहा बंद कप्पे, प्रत्येकाला बोळाच्या बाजूने हात जाईल एवढी खिडकी, आणि खिडकीला वरखाली सरकणारी झडप. प्रत्येक कप्प्यात एक बाई. एकीचं मत दुसरीला लागू नये म्हणून मधे भिंती. द्रवाचा रंग बघून कोणी भुलू नये म्हणून सगळीकडे लाल दिवे. पंखा नाही, कारण वारा वास पळवतो. दार लावलं की स्वतःचा श्वास दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा ऐकू येतो. लेक परफ्यूममध्ये बुडवलेली कागदाची पट्टी खिडकीतून आत द्यायची आणि विचारायची, "डोळ्यांपुढे कशी बाई येते?"

सहावा कप्पा आज रिकामा होता. तिथे बसणाऱ्या ताईंना सर्दी झाली होती, आणि सर्दी झालेलीला इथे प्रवेश नाही.

"शांत बाई," पहिल्या खिडकीतून मास्तरीणबाई म्हणाल्या. "कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी," दुसऱ्या खिडकीतून नर्स म्हणाली.

तिसरीत शिवणकाम करणाऱ्या काकू. "हिला विचारलं, बाह्या किती ठेवू, तर म्हणेल तुम्ही ठेवाल तेवढ्या."

लेकीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. पुढच्या दोघींनीही तोच सूर लावला. संपलं होतं सगळं. त्याच तंद्रीत तिने सवयीने सहावी पट्टी बुडवली, सवयीनेच झडप वर केली आणि पट्टी आत सरकवली. मग आठवलं. ती पट्टी मागे घेणार, एवढ्यात कोणीतरी आतून ती अलगद काढून घेतली.

दिव्यांच्या तापलेल्या काचेचा वास, भिंतीच्या ओलीचा वास, आणि त्यांच्या वर निशिगंध. आत कोणीतरी लांब श्वास घेतला, हुंगताना घेतात तसा. श्वास आत गेला... बाहेर आलाच नाही.

"क... कशी बाई येते डोळ्यांपुढे?" तिच्या तोंडून निघालं. इतकी वर्षं घोकलेला प्रश्न. भीतीतही तोच आला.

"बाई कुठाय यात..." आवाज भिंतीतून पाझरल्यासारखा होता. "कागद आहे हा... कागदाला अंग नसतं..."

"आई?"

खिडकीतून एक मनगट बाहेर आलं, उताणं, लावून घ्यायला पुढे केलेलं. लाल उजेडात सगळे हात सारखेच दिसतात. लेकीने काचेची कांडी बुडवून त्यावर टेकवली. कांडीतूनसुद्धा गारठा बोटांत चढला. थेंब तसाच मण्यासारखा बसून राहिला. पसरला नाही. वास उठला नाही.

"थंड आहे गं..." आवाज म्हणाला. "तुझ्या लाव..."

आणि मनगट आत गेलं.

तिने स्वतःच्या मनगटावर थेंब लावला. आधी तेच ते गरीब पांढरं फूल. मग कातडीची ऊब त्याला लागली आणि निशिगंध उघडला. हिरवा, तिखट, दार ढकलून आत आल्यासारखा. ही आतल्या खोलीत जाऊन बसणारी नव्हती. ही पाहुण्यांना उठवून कामाला लावणारी होती.

तिच्या लक्षात आलं. कारखान्यात चाचणी नेहमी कागदावरच व्हायची. प्रत्येकीच्या अंगावर वास वेगळा येतो, मतं जुळत नाहीत, म्हणून तसा नियमच केला होता. स्वभाव बाईचा विचारायचा आणि जबाब कागदाचा घ्यायचा! संताप तिच्या डोक्यात चढला.

"हात बाहेर काढा सगळ्यांनी!" ती झडपा बडवत सुटली. "मनगटं बाहेर!"

"अगं, नियम..." मास्तरीणबाई.

"नियमांचं मी बघते."

ती ओळीने थेंब लावत गेली. थेंबांना ऊब लागली आणि नर्स ओरडली, "अगंबाई! ही तर चांगली भांडकुदळ निघाली!"

"माझी भांडत नाही," मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या. "नुसती बघते. पण समोरचा गप्प होतो."

"हिचा कपडा माझ्या हातून बिघडला ना," काकू म्हणाल्या, "तर मला गाव सोडावं लागेल!"

भिंतींच्या पलीकडून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पाच जणींनी पाच बायका सांगितल्या. सोशिक एकही नव्हती.

आवाज ऐकून छोटे साहेब धावत आले. "हा काय बाजार मांडलाय? चाचणी कागदावर करायची असते!"

"का हो, तुमच्या घरातल्या बायका कागदाच्या आहेत का?" काकूंनी खिडकीतूनच विचारलं.

साहेबांनी शब्द दिलेला होता, आणि तो पाच खिडक्यांतून त्यांच्याकडे बघत होता. "मग छापू काय?" ते शेवटी म्हणाले. "कोणत्या बाईसाठी?"

"काहीच छापू नका," लेक म्हणाली. "जिची तिने ठरवावी."

बाईंचा परफ्यूम आज दुकानांत आहे. खोक्यावर फुलं आहेत, उपदेश नाही. चाचणीही आता अंगावरच होते.

एवढंच, की त्या दिवशी घाईघाईने थेंब लावत जाताना लेक पाचव्या खिडकीशी थांबली नव्हती. सहावी झडप वरच होती आणि ते मनगट पुन्हा बाहेर आलेलं होतं. इतर मनगटं धरली तसं तिने तेही अंगठ्याखाली धरलं आणि थेंब लावला. या वेळी ते ऊबदार होतं. आत नाडी उडत होती. वास भरभरून उठला, आणि त्या आनंदात ती तशीच मागे फिरली.

संध्याकाळी हात धुताना तिला कळलं, तिचा अंगठा काय शोधत होता ते. बाईंच्या मनगटावर उकळत्या तेलाने भाजल्याचा जुना, सुरकुतलेला डाग होता. लहानपणी झोप येईपर्यंत लेक त्यावरून अंगठा फिरवत पडायची. सहाव्या खिडकीतलं मनगट गुळगुळीत होतं.

तिकडे गेल्यावर डाग मिटत असतील, असं ती स्वतःला सांगते. बहुतेक वेळा पटतंही. पण सहावी झडप वर करताना हल्ली ती 'आई' म्हणून हाक मारत नाही.