कापलेली लाट

हसू नका. हे ज्याच्यावर गुदरलं तो माझा सख्खा भाचा आहे, आणि त्याचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

तो धाकटा; दोघे भाऊ एकाच वेधशाळेत. थोरला डोंगरमाथ्यावरच्या खोलीतून रात्री आभाळात लेझर सोडायचा. वारा डोंगरावर आदळला की हवेत लाटा उठतात. वर हवा विरळ, म्हणून चढता चढता त्या फुगतात आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवर फुटतात. थोरला त्या मोजायचा. धाकटा शहरात बसून त्या मोजमापांवर संगणकात हवेचं मॉडेल चालवायचा. लाट फार मोठी असली की मॉडेल कोसळायचं. म्हणून तिथली रीतच पडलेली: मोठी लाट नोंदीतून कापायची, ‘यंत्रदोष’ लिहायचं, पुढे जायचं.

एका रात्री थोरल्याने फोन केला. लाटा भयंकर आहेत, उतारावर वादळ कोसळणार, खाली येऊ द्या. धाकट्याने त्या लाटा आधीच कापलेल्या. मॉडेल म्हणे, सगळं शांत. वेधशाळेच्या साहेबांनी परवानगी नाकारली. सकाळी छप्पर दरीत सापडलं, त्याखाली थोरला.

मी माझ्या पेपरात बातमी छापली. खुलासा आला: मयताने यंत्र नीट लावलं नव्हतं. खुलासे लिहिणारे कधी वाऱ्याने उडत नाहीत, बघा. वहिनी दिराचं ताट वाढायची आणि उठून जायची.

गेल्या जानेवारीतली अमावस्या. चांदणं नको असतं ना त्यांना. भुतांचं आणि शास्त्रज्ञांचं पंचांग एकच. साहेबांनी धाकट्याला वर पाठवलं. खोली नवी बांधलेली, यंत्र तेच. एक रात्र चालव, बिघाड लिही, सही कर, विषय मिटव. ड्रायव्हर बाहेर जीपमध्ये झोपला. झाडाचं पान हलत नव्हतं.

पडद्यावर बारीक लाटा सरकत होत्या. मग एक मोठी उठली. सवयीने त्याने बटण दाबून कापली.

पाठीत दणका बसला. तो टेबलावर आपटला, दात ओठात रुतले. मागे पाहिलं. कुणी नाही.

दुसरी उठली. आणखी मोठी. बोट आपोआप गेलं...

या वेळी त्याला उचललं. भिंतीवर फेकलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. खुर्चीचे तुकडे झाले. दिवा गेला. पडदा तेवढा चालू.

तिसरी...

तो सरपटत गेला. उजवा हात बटणावर. मानेवर गार हवा. दाबत आलेली. श्वास मिळेना...

हात मागे घेतला.

“दादा... नाही कापत.”

...

मानेवरचा भार उतरला. उजाडेपर्यंत तो तसाच पडून होता. पडद्यावर लाट फुगत फुगत गेली, फुटली. त्याने ती राहू दिली.

ड्रायव्हर म्हणतो, रात्रभर चिटपाखराचाही आवाज आला नाही.

अहवालात धाकट्याने लिहिलं: यंत्र उत्तम आहे, लाटा मी कापल्या. नोकरी गेली. थोरल्यावरचा ठपका पुसावा लागला, कारण अहवालाची एक प्रत माझ्याकडेही आली होती. वहिनी आता जेवताना समोर बसते.

वेधशाळेने त्या खोलीचं दार घाईघाईने बदललं. जुनं मी भंगारात जाऊन पाहिलं. जाड, सपाट लोखंड. त्यात आतल्या बाजूने लाटा उठल्या होत्या. तळाशी बोटाएवढ्या. वर वर मोठ्या. आणि माथ्याशी लोखंड फाटलं होतं.