बकुळीच्या गोचिडी

आधी जेवून घ्या. आज वालाचं बिरडं आहे ना? मग ताट संपवा, हात धुवा आणि मग बसा. नंतर माझ्या नावानं बोटं मोडलेली चालायची नाय. आणि मधेच कोणी "छ्या काका, असं कुठं असतं काय" म्हणालं, तर मी सरळ उठून झोपायला जाईन. हिरामण माझ्या बसण्याउठण्यातला माणूस होता. त्याला खोटं बोलायला कधी जमलं नाय. जमलं असतं तर त्याचा धंदा बरा चालला असता.

रोह्याला लागून अष्टमी गाव आहे ना, तिथं पुलाजवळ राहायचा तो. त्याची एक घोडी होती, बकुळी. लग्नसराईत नवरदेव मिरवायची. पण डीजेला ती इतकी बुजायला लागली की वरातीत लगाम धरून हिरामणचा खांदा निखळायची पाळी यायची. विकून टाक म्हणणारे खूप होते. विकणार कसा? बकुळी आणि त्याची मुलगी सरू एकाच सालच्या, एका अंगणात वाढलेल्या. अशात मुंबईच्या चार कुटुंबांनी विचारलं की रानात तंबू ठोकून राहायचं आणि दिवसा घोड्यावरून फिरायचं, असं काही जमवाल का? हिरामण हरखला. वरात सुटणार होती ना. चणेऱ्याच्या पुढं रानाला लागून वनखात्याचं उद्यान होतं, तिथली परवानगी निघाली. बाकीचे घोडे अलिबागहून मागवायचे ठरलं. शनिवारी पाव्हणे येणार. त्याआधी जागा बघायला तो बकुळीला टेम्पोत घालून निघाला. टेम्पो त्याच्या दोस्ताचा, कान्हूचा, आणि चालवायला तोच.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. घरी बायकोचा, जनीचा, उपास. आज रात्रीचं रानात राहू नका म्हणून तिनं दोनदा सांगितलं. ऐकतो कोण.

जागा मात्र झकास मिळाली. सागाच्या झाडांमधे एक जुनं गोठण होतं, म्हणजे पूर्वी दुपारची गुरं बसायची ती मोकळी जागा. शेजारी ओहोळ, कमरेएवढं गवत. इतकं गवत असून तिथं एक ढोर चरत नव्हतं, हे हिरामणच्या डोक्यात आलंच नाय. तंबू कुठे, चूल कुठे, घोडे कुठे बांधायचे, सगळं ठरवून झालं. रात्री घोडी तिथं कशी राहते ते बघायला तो थांबला. कान्हू म्हणाला, या गवतात मी झोपायचा नाय, आणि लांब रस्त्यावर टेम्पोत जाऊन आडवा झाला.

दिवस कलताना हिरामणनं बकुळीच्या मानेवर हात फिरवला, तो हाताला खडबडीत लागलं. बॅटरी मारून बघतो तर गोचिडी. मानेखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी, भिजवलेल्या वालाएवढ्या, करड्या, टम्म फुगलेल्या. मधेमधे त्यांचे पाय वळवळत होते. कानांत तर घोसच्या घोस. तो उपटत बसला. बोटं काळ्या रक्तानं चिकट झाली, त्या रक्ताला सडक्या खेकड्यासारखा वास. कानाला तर ती हातच लावू देईना. शनिवारी हिच्यावर कोणाचं पोर बसवायचं? भाकरी काढली, पण ती बोटं तोंडाशी नेववेनात. फडकं तसंच बांधून ठेवलं आणि घोंगडी ओढून घेतली.

चंद्र कधीच बुडाला होता. जाग आली ती आवाजानं.

चुट... चुट...

मोड आलेला वाल सोलताना दाणा सालातून कसा निसटतो? तसा. अर्धवट झोपेत त्याला वाटलं, जनी बिरडं सोलतेय. मग रान आठवलं. बकुळीच्या पायांशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. कान्हूशिवाय कोण असणार?

"कान्हू, कानातल्या पण काढ रे," हिरामण म्हणाला. "एक ठेवू नको."

आवाज थांबला.

मग "हूं" आलं.

मग पुन्हा, चुट...

सकाळी बकुळीच्या अंगावर एक गोचीड नव्हती. कान आतून गुलाबी. आणि हिरामणच्या उशाशी सागाचं पान, त्यावर गोचिडींचा ढीग. एकूण एक नखानं फोडलेली. पानाच्या कडेनं रक्त ओघळून घोंगडीला लागलेलं. त्याला तिथंच भडभडून ओकारी झाली. तरी मनात बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कान्हू डोळे चोळत आला तेव्हा हिरामण त्याची पाठ थोपटायला गेला.

कान्हू म्हणाला, मी रात्रभर काचा वर करून झोपलोय, आईच्यान.

घरी येऊन त्यानं जनीला सांगितलं. जनी गडब गावाकडची, तिच्या माहेरची माणसं खाडीकाठी मिठागरात राबणारी. तिनं आधी एकच विचारलं.

"नाव इचारलंत?"

"कोणाचं?"

"आमच्याकडं अंधारात काम करताना बाजूला कोण हाय त्याचं नाव आधी इचारतात, मंग काम सांगतात. बिननावाच्याला काम सांगितलंत तुम्ही. आता थांब म्हणायला हाक कोणाला मारणार?"

हिरामण हसला. पण त्या रात्री घरामागच्या गोठ्यातून आवाज आला. चुट... चुट... बकुळीच्या अंगावर तर काही उरलंच नव्हतं. सकाळी पानावर तिच्या चामखिळी होत्या, जखमांच्या खपल्या होत्या, ओल्या मांसासकट.

पुढच्या सकाळी पान घरात. सरूच्या उशाशी. त्यावर उवा आणि लिखा, चिरडलेल्या. हिरामणनं ते चिमट्यानं उचलून चुलीत घातलं, तर घरभर करपट वास सुटला. त्या दिवशी कोणी जेवलं नाय.

त्याच्या पुढच्या सकाळी पानावर एकच गोष्ट होती. काळी, मुगाएवढी, खाली केसासारखं मूळ. सरूच्या डोळ्याखाली तीळ होता... तिथं आता बारीक खळगा. रक्त नाय. पोर गाढ झोपलेली.

तिळाच्या वर बोटभर अंतरावर काय असतं? डोळा. त्यातलं काळं बुबुळ. हिरामणला ते कळलं.

मुंबईच्या लोकांना त्यानं आधीच काहीतरी कारण सांगून नको म्हटलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं बकुळीला टेम्पोत चढवलं. सरू रडत टेम्पोमागं धावली, जनीनं तिला धरून ठेवलं. गोठणावर अंधार पडला होता. बकुळीला सागाला बांधलं. तिनं त्याच्या खिशात तोंड खुपसलं, गूळ असायचा ना तिथं. आज नव्हता.

"ही घे," तो अंधाराला म्हणाला. "हिचं काढ. सरूला, जनीला हात लावू नको."

मग गवतातून, अगदी जवळून, "हूं."

तो मागं न बघता टेम्पोकडे चालत सुटला. मागून घोडीचं फुरफुरणं ऐकू आलं, मग तेही नाय. रोह्यापर्यंत तो लहान पोरासारखा रडला. स्वतःच्या हातांची त्याला किळस येत होती, असं मला त्यानंच सांगितलं.

त्या रात्री गोठ्यात आवाज नव्हता. घरात नव्हता. हिरामण मेल्यासारखा झोपला.

उजाडताच सरूकडे धावला. उशाशी पान नव्हतं. पोरीनं डोळे उघडले. दोन्ही शाबूत. त्यानं तिला छातीशी धरलं. मग दिसलं, तिची एक मूठ घट्ट मिटलेली.

"काय हाय गो?"

त्यानं एकेक बोट सोडवलं. तळहातावर दाढ. ओली. मोठ्या माणसाची.

त्यानं तिचं तोंड उघडून बघितलं. सगळे दात जागच्या जागी. जनीकडे बघितलं. जनीनं तोंड चाचपलं आणि मान हलवली. नाय.

मग हिरामणनं आपली जीभ फिरवली. उजवीकडून... डावीकडे...

ती जागा मी पाहिलीय. हिरडी अशी गुळगुळीत, की जणू तिथं दाढ कधी नव्हतीच.