डांबराखालचं मीठ

फोन आला तेव्हा सुप्रभा नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात, बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होती. पलीकडे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा पद्माकर होता. आवाज मात्र त्याचा वाटत नव्हता.

"ताई, अलकाची गाडी उतारावरून सुटली. भिंतीवर आपटली. जिवंत आहे. तुम्ही निघा."

सत्याऐंशी सालचा तो जानेवारी भयंकर होता. डर्बीशरच्या डोंगरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग लागले होते. मधे, बर्फ वितळावा म्हणून कौन्सिलच्या लॉऱ्यांनी फेकलेल्या मिठाचा तपकिरी चिखल. प्रत्येक वळणाआधी सुप्रभा उगाचच ब्रेक दाबून बघत होती. तो लागला की तिच्या छातीतली धडधड जरा कमी व्हायची. पुढच्या वळणापर्यंतच.

अलकाचा पाय प्लास्टरमध्ये होता, दोन बरगड्या मोडल्या होत्या. काय झालं ते तिनं तुटक तुटक सांगितलं. डोंगरावरच्या एका म्हाताऱ्या पेशंटला औषध पोचवायचं होतं. जाणार होता पद्माकर. पण त्याच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, गर्दी उसळली, म्हणून त्याची गाडी घेऊन ती गेली. चढताना सगळं ठीक होतं. उतरताना तिनं ब्रेक जोरात दाबला आणि पायाखाली काहीतरी फुटल्यासारखं झालं. पेडल थेट तळाला गेलं. मग हँडब्रेक ओढला, तर मागची चाकं बर्फावर नुसती घसरत राहिली.

पोलिसांच्या मेकॅनिकनं निदान केलं होतं: पुढच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली. जुनी गाडी, रस्त्यावर मीठ, या भागात नेहमीचंच.

"पण ताई, विनयनं सप्टेंबरमध्ये गाडीखाली झोपून सगळं करून दिलं होतं. गंज लागू नये म्हणूनच," अलका म्हणाली. मग तिनं सुप्रभाचं मनगट घट्ट धरलं. "मला घरी जायची भीती वाटते. का ते विचारू नकोस. मलाच कळत नाही."

विनय हा पद्माकरचा धाकटा भाऊ. वॉटफर्डला राहणारा, इंजिनिअर, गाड्यांचं वेड असलेला. दिवाळीत दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. विनयला एका आयरिश मुलीशी लग्न करायचं होतं आणि पद्माकरनं तिच्यासमोरच त्याचा अपमान केला होता. तेव्हापासून विनय या घरात फिरकला नव्हता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये डॉक्टर श्रीकांत बसला होता. पद्माकरचा मेडिकल कॉलेजपासूनचा मित्र आणि आता सर्जरीतला पार्टनर. सकाळपासून तो तिथून हलला नव्हता. त्यानं सुप्रभाला चहा आणून दिला, अंगावरचा कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. कॉरिडॉरमधला दिवा मंद होता, तरी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत होत्या. तिला वाटलं, रडून रडून डोळे थकले असतील.

"मी पद्माकरला सांगत होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "ते काळं डांबर खालून फासलं की गाडी नवी दिसते. आत गंज आपलं काम करतच राहतो. विनयनं प्रेमानंच केलं हो. त्याला दोष नका देऊ."

सुप्रभानं मान हलवली. तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती इन्स्पेक्टर हॅलमकडे गेली. तो पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. बहिणीच्या काळजीनं आलेली बाई म्हणून त्यानं तिला गाडी बघू दिली.

गाडी लिफ्टवर चढवलेली होती. सुप्रभा खाली उभी राहून वर बघत राहिली. गाडीचं सगळं पोट मधाच्या रंगाच्या मेणानं माखलेलं होतं, सांधेसुद्धा भरलेले. त्या मेणावर मिठाची पांढरी पुटं वाळली होती. फक्त एका जागी, ब्रेकच्या नळीवर वीतभर, काळं डांबर होतं. नळी फुटली होती ती नेमकी त्या डांबरात.

मेकॅनिक म्हणाला, कोणीतरी जुना गंज झाकला असेल.

सुप्रभाला ते पटेना. सगळ्या गाडीला मेण, मग इथेच डांबर का? नळीचा हा तुकडा कापून आपल्या लॅबमध्ये तपासू का, असं तिनं विचारलं. हॅलमनं थोडा विचार केला आणि एका पोलिसाच्या ताब्यात तो तुकडा तिच्याबरोबर धाडला.

लॅबमध्ये तिनं डांबराचा थर एका कडेनं अलगद उचलला. त्याच्या खाली, मेणावर, पांढरी भुकटी होती. ती थोड्या पाण्यात विरघळवून तिनं सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मीठच. मग तिनं मेणाखालचा धातू पुसून तेच केलं. पाणी नितळ राहिलं.

म्हणजे आधी मेण, मग मीठ आणि सगळ्यात वर डांबर.

शेवटी तिनं पेट्रोलनं उरलेलं डांबर धुऊन काढलं आणि नळी भिंगाखाली धरली. फुटलेल्या जागेभोवती मेण नव्हतंच. उघड्या धातूवर बारीक, सरळ, एकमेकांना समांतर रेघा होत्या. कानशीच्या. नळी तिथे कागदासारखी पातळ झाली होती. हलका ब्रेक तिनं सोसला असता. जोराचा नाही.

सुप्रभानं भिंग खाली ठेवलं. हा गंज नव्हता. कोणीतरी गाडीखाली झोपलं होतं आणि शांतपणे कानस चालवत होतं.

तिनं विनयला फोन लावला.

"गाडीला खालून काय लावलं होतंस?"

"मेण. डबा गरम पाण्यात ठेवून पातळ केलं आणि ब्रशनं लावलं. का?"

"डांबर कुठे वापरलंस?"

"डांबर? छे. थंडीत त्याला तडे जातात, ताई. फटीतून खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. लोकांना वाटतं गाडी सुरक्षित आहे. मी ते कध्धी वापरत नाही."

"त्यानंतर गाडीखाली कधी गेला होतास?"

"ताई, दिवाळीनंतर मी तिकडे आलोच नाही." मग त्यानं विचारलं. "वहिनी कशी आहे? दादा माझा फोन घेत नाही."

दिवाळीत रस्त्यांवर मिठाचा कणही नव्हता. विनय सुटला. आणि मग उरला तो विचार, जो सुप्रभाला नको होता. गाडी पद्माकरची. अलकाला औषध घेऊन पाठवलं त्यानंच. अलका घाबरत होती ती घराला.

त्या संध्याकाळी पद्माकरनं तिच्यापुढे आमटीभाताचं ताट ठेवलं तेव्हा ती भात नुसती चिवडत राहिली. तो तिच्याकडे बघत होता. तिनं आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"या बर्फात गाडी कुठे ठेवत होतास?"

"आपल्या घरासमोरचा ड्राइव्ह बर्फानं बुजला होता ना, म्हणून दोन-तीन रात्री श्रीकांतच्या गॅरेजमध्ये. त्यानंच आग्रह केला."

"आणि त्यानंतर चालवलीस?"

"रोज. त्याच डोंगरावर, जपून. त्या दिवशी अलका गेली नसती तर मीच..."

नळीवर कानस चालवणारा माणूस रोज त्या गाडीतून उतार उतरणार नाही. म्हणजे मारायचं होतं ते पद्माकरला. आणि तिला कॉरिडॉरमधलं बोलणं आठवलं. काळं डांबर. त्या गाडीखाली काळं फक्त वीतभर होतं. आणि मंद दिव्यातही टाचणीएवढ्या राहिलेल्या त्या बाहुल्या: तशा त्या मॉर्फिननं होतात.

"पद्माकर, श्रीकांत मॉर्फिन घेतो का?"

त्यानं चमकून वर बघितलं. मग त्यानं सांगितलं. पेशंटच्या नावावर काढलेलं मॉर्फिन श्रीकांत स्वतःला टोचून घेत होता. एका कॅन्सरच्या म्हातारीला त्यानं नुसत्या पाण्याचं इंजेक्शन दिलं होतं. ती कळवळत गेली. पद्माकरला ते डिसेंबरात कळलं. जानेवारी संपेपर्यंत तू स्वतः मेडिकल कौन्सिलला कळव, नाहीतर मी कळवतो, असं त्यानं मित्राला बजावलं होतं. अलकाला यातलं काही माहीत नव्हतं. पण घरात काहीतरी बिनसलंय, नवरा झोपत नाही, दार दोनदा तपासतो, एवढं तिला दिसत होतं. तिची भीती तिथली होती.

"त्यानं हे केलं असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, ताई. उद्या तोच अलकाला घरी आणणार आहे. तिचा डिस्चार्ज आहे. मला सकाळी सर्जरी सोडता येत नाही, म्हणून..."

सुप्रभानं फोन उचलला आणि हॅलमचा नंबर फिरवला.

सकाळी ती वॉर्डमध्ये पोचली तेव्हा श्रीकांत आधीच आला होता. अलकाची बॅग त्याच्या हातात होती, अलका व्हीलचेअरवर. दोघं लिफ्टच्या दारापाशी पोचली होती. सुप्रभानं पद्माकरला सर्जरी बंद ठेवायला लावून बरोबर आणलं होतं. तो धावत पुढे गेला आणि त्यानं खुर्ची धरली. मागून हॅलम आला. नर्सनं त्यांना शेजारची पेशंटच्या नातेवाइकांची खोली उघडून दिली.

आधी बोलली ती सुप्रभा.

"श्रीकांत, गाडीच्या खाली डांबर आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विनयनं लावलं ना? सगळेच लावतात."

"विनयनं मेण लावलं. पिवळं. सगळ्या गाडीखाली डांबर एकाच जागी आहे, जिथे नळी कानशीनं घासली तिथे. ते ज्यानं लावलं त्यालाच ते माहीत. आणि ते या महिन्यात लावलंय, कारण त्याच्या खाली रस्त्यावरचं मीठ सापडलं. बर्फ पडल्यावर गाडी तुमच्या गॅरेजमध्ये होती."

"तुमचा गैरसमज होतोय," श्रीकांत म्हणाला. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

मग हॅलम बोलला. पहाटेच त्याची माणसं वॉरंट घेऊन श्रीकांतच्या गॅरेजमध्ये गेली होती. छताच्या गळतीसाठी आणलेला डांबराचा अर्धा डबा तिथे होता. बाकाच्या मागे कानस पडली होती. तिच्या दातांत मेण होतं, मधाच्या रंगाचं.

श्रीकांत खुर्चीत बसला. पद्माकरकडे न बघता तो म्हणाला, "तू मला संपवणार होतास. मी काय करायला हवं होतं?"

बोलली अलका. इतका वेळ ती व्हीलचेअरचे हात धरून ऐकत होती.

"भावजी, त्या दिवशी मी गाडीत बसत होते तेव्हा तुम्ही सर्जरीतून बाहेर आलात. काचेवरचा बर्फ खरवडून दिलात. दार लावून घेतलंत. सावकाश जा म्हणालात."

श्रीकांतनं मान खाली घातली.

"मी जातेय हे तुम्ही बघितलंत. तेव्हा थांबवता आलं असतं."

"थांबवणार होतो," तो पुटपुटला. "पण मग कारण विचारलं असतंस."

अलकानं डोळे मिटून घेतले आणि पद्माकरच्या बाहीत तोंड खुपसलं. हॅलमनं श्रीकांतच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि बाहेर नेलं.

बऱ्याच वेळानं पद्माकरनं भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन वॉटफर्डचा नंबर लावला. पलीकडून विनयचा आवाज आला, तेव्हा त्यानं रिसीव्हर सुप्रभापुढे धरला. तिनं तो घेतला.

"विनय, तू ये," ती म्हणाली. "वहिनीला घरी न्यायचंय, आणि इथे गाडी चालवायची कोणाची हिंमत नाही."