भूकर्णाचे चार स्क्रू

वाचकहो, लोखंडाचे चार लहान स्क्रू, एक भाविक परंतु चुकलेला माणूस आणि एक वृद्ध स्त्री, या तिघांच्या योगाने एका गावाचा जीव कसा टांगणीला लागला आणि पुढे त्याचे काय झाले, त्याचे निवेदन येथे यथाशक्ति करीत आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि तो शेवटपर्यंत ऐकून घ्यावा, अशी आरंभीच नम्र विनंती आहे.

सह्याद्रीच्या कुशीत, धरणाच्या वरच्या अंगास, तळवटवाडी नावाचे गाव आहे. तेथील जमीन पूर्वीपासून हलणारी. जुन्या काळी धक्क्यांचे दिवस सुरू झाले की माणसे आठ-आठ दिवस अंगणात खाटा टाकून निजत आणि कोणीही घरावर माळा चढवीत नसे. परंतु सात वर्षांपूर्वी गावात भूकर्ण आला आणि राहणीच बदलली. लोक छपराखाली निर्धास्त झोपू लागले. तिघांनी तर घरावर मजलेसुद्धा चढविले.

भूकर्ण म्हणजे जमिनीचे ऐकणारे यंत्र. एका पोलादी पेटीत काचेची निर्वात नळी असते. तिच्यात अतिशय थंड केलेल्या अणूंचा चिमूटभर ढग क्षणाक्षणाला वरून खाली सोडला जातो. खडक फुटण्यापूर्वी आवळला जातो, आणि त्या आवळण्याने ढगाच्या पडण्यात अतिसूक्ष्म फरक पडतो. तो ओळखून यंत्र घंटा वाजविते. घंटेनंतर नऊ ते बारा मिनिटांत धक्का येतो. एवढ्या अवधीत चुलीवरचा तवा उतरवून, म्हाताऱ्यांना हात देऊन, सारे गाव शाळेमागच्या माळावर जमते.

या यंत्राचे केंद्ररक्षक हिंदुराव सपकाळ होते. वय चौपन्न. अंगाने सडपातळ, कामाला चोख आणि बोलायला कमी. केंद्रात दोन लोखंडी रॅक शेजारी शेजारी उभे होते. एक नवा, खास भूकर्णासाठी आलेला, ज्याचे पाय थेट कातळात ओतले होते. दुसरा जुना, बंद पडलेल्या टेलिफोन कार्यालयातून आणलेला. त्यात बॅटऱ्या आणि घंटेची यंत्रणा बसविली होती. हिंदुराव रोज दोन्ही रॅक पुशीत आणि मग चहा पीत.

त्या वर्षी दसरा होऊन पाच दिवस झाले होते. सकाळी आठला घंटा वाजली. गाव माळावर आले. बारा मिनिटे झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. जमीन जागची हलली नाही. असे होऊ शकते, म्हणून लोक परतले. चार दिवसांनी पुन्हा तेच घडले. या वेळी पळापळीत हिंदुरावांच्या सासूबाई उंबऱ्यावर पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले.

माळावरून परतताना गणपत पाचुपते या शिंप्याने सर्वांच्या देखत विचारले, "काय वो हिंदुराव, तुमच्या भूकर्णाच्या कानात मळ झालाय काय?"

लोक हसले. सरपंच अनुसयाबाई ढेबे मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हिंदुराव, आता माळावरच ठरलंय सगळ्यांचं. आणखी एकदा खोटी वाजली, की घंटेची वायर काढायची. कापणीचे दिवस हायत. हातातला विळा टाकून लोक कितीदा पळणार?"

"वायर काढली, आणि खरा धक्का आला म्हंजे?"

"आणि खरा आला, पण लोक घंटेला उठलेच न्हाईत, तर वायर असून तरी काय उपेग?"

हिंदुराव तडक केंद्रात परतले. त्यांनी विभागीय केंद्रातील अभियंता अनघा मॅडम यांना फोन लावला. मॅडमनी सारी नोंद तपासली आणि म्हणाल्या, "काका, यंत्र निर्दोष आहे. दोन्ही वेळा धरणाच्या रस्त्यावरून जड ट्रक गेले होते. एरवी अशा थरथरीचं काही वाटत नाही त्याला. पण या वेळी पेटी स्वतःच डुलली, आणि ते डुलणं तिला जमिनीचं वाटलं. रॅकवर तळहात ठेवून बघा बरं."

हिंदुरावांनी तळहात ठेवला. उजव्या अंगाला मधमाशी अडकल्यासारखी बारीक गुणगुण लागत होती.

"उजवीकडं काहीतरी ढिलं हाय, मॅडम. पण स्क्रू तर घट्ट हायत. पाना फिरत न्हाई."

"मग स्क्रू किंवा नट खराब झालेत. कंपनीने तो संच बनवणं बंद केलंय. मी मागवते, पण तीन आठवडे लागतील. तोवर त्याच मापाचे कुठं मिळतात का बघा. अगदी त्याच मापाचे."

पेटी रॅकला चार स्क्रूंनी धरलेली होती. रॅकच्या पट्टीला चौकोनी भोके असतात. त्या भोकात पोलादी पत्र्याच्या लहानशा पिंजऱ्यात बसविलेला नट अडकवितात, आणि त्याला पिंजरानट म्हणतात. त्या नटात स्क्रू पिळला जातो. हिंदुरावांनी यंत्र बंद केले आणि उजवीकडचा एक स्क्रू त्याच्या पिंजरानटासह काढून रुमालात बांधला. यंत्र एक दिवस बंद ठेवण्याची मुभा नियमात होती. त्यांनी सरपंचांना तसे कळविले. त्या दिवशी गाव बहिरे होते. कित्येकांनी पुन्हा अंगणात खाटा काढल्या. त्या खाटांमधून वाट काढीत एसटीकडे जाताना हिंदुरावांची मान वर होईना.

कऱ्हाडच्या बाजारात पहिल्या दुकानदाराने स्क्रू पाहताच मूठभर स्क्रू पुढे केले. "हेच ते, घ्या." ते नटात दोन फेरे जाऊन अडकले. दुसऱ्याने पट्टीने लांबी मोजली आणि लांबी बरोबर भरली म्हणून समाधान मानले. तिसऱ्याने मोबाईलवरून मागविण्याचा सल्ला दिला. मात्र त्याच दुकानातील हमालाने हळूच सांगितले, "मागच्या बोळात कुलसुमचाची बसत्यात. नट-बोल्टाचं त्यांना इचारा."

बोळाच्या टोकाला एक अरुंद दुकान होते. भिंतभर काचेच्या बरण्या, प्रत्येकीत निराळा नट, निराळा बोल्ट. मध्ये लाकडी पाटावर सत्तरीच्या पुढील कुलसुमबी मुल्ला बसल्या होत्या. पतीच्या पश्चात एकतीस वर्षे त्या दुकान चालवीत होत्या.

"चाची, याच्या जोडीचा स्क्रू पायजे. भूकर्णाच्या रॅकचा हाय."

"म्हंजे जमीन हलायच्या आधी वाजतं ते?"

"तेच. सध्या जमीन न हलताच वाजतंय."

चाची हसल्या. "नट आणलास का? शाणा हायस. लोक नुसता स्क्रू घेऊन येतात. एकट्या नवऱ्याला बघून कधी लग्न ठरतं का, बाबा?"

त्यांनी स्क्रूवरून अंगठ्याचे नख फिरविले. नखाला आट्यांची खरखर जाणवताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. एका बरणीतून त्या नटात नीट बसणारा दुसरा स्क्रू काढून त्यांनी दोन्हींचे आटे एकमेकांत बसविले आणि जोडी दाराच्या उजेडात धरली.

"इकडं ये, बघ. पहिले चार आटे जुळतात. पुढं?"

"पुढं फट दिसती. उजेड येतोय."

"चार आटे सोबत चालतात, मग तोंड फिरवतात. तुझा नट हाय मिलिमीटरचा आणि स्क्रू हाय इंची. इंची जरा बारीक, म्हणून आत शिरतो. पण आट्यांचं अंतर निराळं, म्हणून मधीच अडकतो. तुला वाटलं घट्ट झाला. तो घट्ट झाला नव्हता रे, अडकून थांबला होता. पकड काहीच न्हाई."

हिंदुराव चकित झाले. "पण कंपनीनं सात वर्सांमागं स्वतः बसवून दिलंय. इंची स्क्रू आला कुठनं?"

चाचींनी सुई घेऊन स्क्रूच्या आट्यांतून ओढली. सुईच्या टोकाला लाल कण आले. त्यांनी ते बोटावर चोळले, वास घेतला आणि हिंदुरावांकडे रोखून पाहिले.

"हे कुंकू हाय. खंडेनवमीला पूजा घातलीस ना?"

हिंदुरावांच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. ज्याच्या जिवावर गाव झोपते त्या यंत्राची पूजा नुसती वरवर कशी करावी, म्हणून त्यांनी परवानगी काढून तासभर यंत्र बंद ठेवले होते. दोन्ही रॅकांचे स्क्रू एकेक करून काढले, रॉकेलने धुऊन लख्ख केले, सारे एकाच ताम्हनात मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडले. मग पुन्हा बसविले. दिसायला तर सगळे एकसारखेच होते.

"एका ताम्हनात किती रॅकचे स्क्रू ठेवलेस?"

"दोन," हिंदुराव पुटपुटले. "चाची, मीच केलं हे. सासूचं मनगट मोडलं ते माझ्यामुळं. सगळं गाव यंत्राला नावं ठेवतंय."

"पूजा केलीस ते वाईट न्हाई केलंस. माझा नवरासुद्धा मोहरमच्या आधी सगळ्या बरण्या धुवायचा. पण एका येळेला एकच बरणी. ते जाऊ दे. जे स्क्रू जुन्या रॅकमंदी शिरंनात, ते कुठं टाकलेस?"

"केंद्रातल्या सुट्या स्क्रूंच्या डब्यात. त्यांच्या जागी डब्यातलेच दुसरे घातले."

"मग तुझे स्क्रू तुझ्या घरीच हायत. सगळं कऱ्हाड पालथं घातलंस उगाच. पण नट मात्र झिजलेत, ते बदल." त्यांनी चार पिंजरानट काढले, आणि जोडीला चार स्क्रूही दिले. "हे असू दे. गावाचा प्रश्न हाय. आणि ध्यानात ठेव, आधी पाना लावायचा न्हाई. बोटानं फिरव. बोटानं शेवटापर्यंत गेला तर तो त्याचा. मधीच पान्याची गरज लागली, तर तो परका."

निघताना हिंदुरावांनी बरण्यांकडे पाहून विचारले, "चाची, तुमच्यामागं हे कोण बघतं?"

"पोरगं म्हणतंय, भंगारात घाल सगळं. हितं त्याला मोबाईलचं दुकान काढायचंय." एवढे बोलून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

सायंकाळी पाच वाजता हिंदुराव केंद्रात पोहोचले. डबा पाटावर ओतला आणि एकेक स्क्रू बोटाने तपासून दोन ढीग केले. भूकर्णाचे चारही नट बदलले, चारही स्क्रू बोटाने शेवटापर्यंत नेले, आणि अखेरीस पान्याचा एकच हलका पीळ दिला. यंत्र चालू केले. रॅकवर तळहात ठेवला. खालून ट्रक गेला, तरीही रॅक कातळासारखा गप्प राहिला. 

नंतर ते मारुतीच्या पारावर गेले. तेथे सरपंच आणि दहा-पंधरा माणसे बसली होती. हिंदुरावांनी ताम्हनापासून कुंकवापर्यंत सारे सांगितले आणि म्हणाले, "दोष यंत्राचा न्हवता. माझा हाय. मला कामावरून काढा, पण घंटा काढू नका."

गणपत म्हणाला, "म्हंजे देवाला वाहिलं आणि गावाला पळवलं."

"गप रे," अनुसयाबाई म्हणाल्या. "हिंदुराव, तुम्ही गप बसला असता तर कुणाला कळलंसुद्धा नसतं. हे येऊन सांगितलंत म्हणून, आणखी एकदा ऐकू तुमच्या घंटेचं. एकदाच."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला घंटा वाजली.

हिंदुरावांनी प्रथम रॅकवर तळहात ठेवला. गुणगुण नव्हती. ते धावत बाहेर आले. शाळेतील मुले रांगेने माळाकडे निघाली होती. बायका कुरकुरत का होईना, पण निघाल्या होत्या. गणपतच्या दुकानातून मात्र मशीनचा आवाज चालूच होता.

"गणपतभाऊ, उठा."

"ही एवढी शिवण मारतो." गणपतने मान वर केली नाही. "रॅकवर हात ठेवून बघितलात?"

"बघितला. रॅक गप हाय. हे जमिनीचंच हाय."

गणपतने हिंदुरावांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि काय दिसले कोण जाणे, हातातली कात्री न ठेवताच तो उठला.

माळावर नऊ मिनिटे झाली. दहा झाली. अकरा झाली. कोणीतरी बादली उचलून परत निघाले. हिंदुरावांच्या सासूबाई प्लास्टरचा हात पोटाशी धरून जावयाकडे पाहत होत्या. त्या निघालेल्यांना म्हणाल्या, "उभं ऱ्हावा हो, बिघडत न्हाई कुणाचं काही."

तेवढ्यात झाडांवरचे बगळे एकदम उठले, आणि जमिनीच्या पोटातून गाडीभर दगड ओतल्यासारखा आवाज आला. माळ हलला. माणसे एकमेकांना धरून खाली बसली. अठरा सेकंदांनी सारे थांबले, तेव्हा गावावर धुळीचा लोट होता. शाळेच्या दोन खोल्यांची कौले खाली आली होती. गणपतच्या दुकानाची मागची भिंत त्याच्या शिलाई मशीनवर आडवी झाली होती. माणसे मोजली. एकही कमी नव्हते.

गणपत भिंतीखालची मशीन पाहून आला. मग हिंदुरावांजवळ येऊन हळूच म्हणाला, "मळ निघाला बरं का कानातला." आणि त्याने हिंदुरावांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

दुपारी हिंदुरावांनी कऱ्हाडला फोन लावला. "चाची, घंटा खरी ठरली. सगळी माणसं जिती हायत. हे उपकार कसे फेडू?"

"माणसं जिती हायत ना, मग झालं. स्क्रू बघितलेस का परत? धक्क्यानंतर बोट लावून बघायचं असतं."

"बघितलं, चाची. जागचे हलले न्हाईत."

"आता म्होरल्या खंडेनवमीला?"

"दोन ताम्हनं."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, आणि त्यामागे बरणीचे झाकण लावल्याचा.

हिंदुराव फोन ठेवून पारावर बसले. मन कृतज्ञतेने भरून आले होते. तरी एक विचार त्यांना सोडीना. अणूंचा ढग थंड करणारे शास्त्रज्ञ पुष्कळ निपजतील, आणि भूकर्णाहून तीक्ष्ण कानांची यंत्रे येतील. तीही कोणत्यातरी रॅकला चार स्क्रूंनीच बसविली जातील. दहा वर्षांनी असाच एखादा माणूस रुमालात स्क्रू बांधून कऱ्हाडच्या त्या बोळात गेला, तर त्या बरण्या तेथे असतील काय? आणि आट्यांवरून नख फिरवून, हा तुझा आणि हा परका, असे सांगणारे कोणी भेटेल काय?

हे निवेदन येथे संपविले. माझे शिक्षण थोडे. सबब भाषेत काही उणे राहिले असल्यास वाचकांनी पदरात घ्यावे. आपण आपला मोलाचा वेळ देऊन इतक्या लहान वस्तूंची गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपणां सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
बाजीराव ज्ञानू येडगे