बावीस फोटो आणि तीन दगड

"बाई, माझ्या गावाचे फोटो कुणीतरी हलवतंय," साहेबराव म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून कागदांची गुंडाळी काढून टेबलावर पसरली.

२०१९चा मे महिना होता. औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवत होता. नळाला सहा दिवस पाणी आलेलं नव्हतं. सुकेशनीनं पाहुण्यापुढं पाणी ठेवलं, तेही अर्धाच पेला.

सुकेशनीनं बारा वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातांचे फोटो तपासले होते. आता ती खासगी तपास करायची. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला रामहरी तिच्या सोबत असायचा. कोडी त्याला सुटत नसत, पण अनोळखी माणसं त्याच्याशी मोकळेपणानं बोलत.

"सुरुवातीपासून सांगा," ती म्हणाली.

"छावणीच्या बाजारात तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ होता. राहायला शेंद्र्याजवळ, खडकवाडीत. नऊ वर्षांपूर्वी वाडी कारखान्यांसाठी गेली. एकेक कुटुंब सामान भरून निघायचं आणि मी मागं राहिलेल्या घराचा फोटो काढायचो. वीस घरं, शाळा आणि मारुतीचं देऊळ. बावीस फोटो."

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. पत्नी आशाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा भारत नोकरीसाठी गुजरातेत. साहेबराव चिकलठाण्याला तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. गेल्या वर्षी सून दिपालीनं त्यांना एक वेबसाइट करून दिली आणि बावीसही फोटो एका पानावर ओळीनं लावून दिले. प्रत्येकाखाली घरमालकाचं नाव आणि तारीख.

"मी तारखेनं लावले होते. मार्चमध्ये एके दिवशी बघतो, तर सगळे इकडचे तिकडं. दिपालीनं परत नीट लावले. आठ दिवसांत पुन्हा हलले. असं चारदा झालं. आणि परवा हा आला."

सर्वांत वरच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. उजाड जमीन. तीन दगड, एकमेकांकडं तोंड करून ठेवलेले, फक्त आतल्या बाजूनं काळे. मागं निळ्या पत्र्याच्या कुंपणाचा कोपरा.

"हा मी काढलेला नाही."

रामहरी मागं सरकला. "करणी हाय ही. दगडं मांडून करत्यात असलं."

सुकेशनीनं कागद डोळ्यांजवळ नेला. "दगडांची सावली दगडाखालीच आहे. करणी करणारा भर दुपारी उन्हात कशाला जाईल? साहेबराव, चारही वेळा क्रम वेगवेगळा होता का?"

"नाही. दरवेळी तोच."

"तुमचा संशय कुणावर?"

"पासवर्ड दिपालीकडंच आहे. मी विसरायला लागलोय, असं ती भारतला सांगते. मी तिला म्हणालो, आता माझ्याकडं येऊ नको." त्यांनी पेला उचलला आणि न पिताच ठेवला. "दुसरीही एक भीती आहे, बाई. हे मीच करत असेन आणि मला आठवत नसेल तर? आमच्या वडलांचं शेवटी तसंच झालं होतं."

"तुमच्याकडं आणखी कोण येतं?"

"कुणी नाही."

 सुकेशनीनं त्यांच्या हातात पेन्सिल दिली. "वाडीचा नकाशा काढा."

साहेबरावांनी न अडखळता वीस चौकोन काढले, प्रत्येकात नाव लिहिलं. एका टोकाला शाळा, मधे देऊळ, दुसऱ्या टोकाला नाला.

"नाल्यापलीकडं?"

"तिथं काही नव्हतं. मल्हारी धनगराचं झोपडं होतं, पण ते काही वाडीत धरत नव्हते."

*

दिपाली गारखेड्यात एका संगणक क्लासमध्ये शिकवायची. तास संपवून ती बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले दिसत होते.

"मामांना वाटतं मीच केलं," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "एक दिवसाआड पाण्याचा जार आणि डबा घेऊन जायचे मी. आता वॉचमनकडं ठेवून येते. ते घेतात की नाही, माहीत नाही."

"वाडी तुम्ही पाहिली होती?"

"कधीच नाही. माझं लग्न झालं तेव्हा तिथं भिंतीसुद्धा उरल्या नव्हत्या."

"फोटो कधी हलतात, ते कळतं?"

"वेबसाइटवर वेळ दिसते. दरवेळी दुपारी एक ते तीन. तेव्हा माझा क्लास असतो, पण मामा म्हणतात, क्लासमध्ये संगणकच असतात ना."

रामहरीनं मान हलवली. त्याला ते पटल्यासारखं दिसलं.

"पासवर्डशिवाय हे होईल?" सुकेशनीनं विचारलं.

"एखाद्या फोनवर एकदा लॉगइन केलं की ते तसंच राहतं. मग फोटोवर बोट दाबून धरायचं आणि हवा तिथं सरकवायचा. फोनवर नवा फोटो काढून तोही तसाच लावता येतो. मामांच्या फोनवर मीच करून दिलं होतं. तो फोन त्यांनी बदलला. नव्यावर अजून केलेलं नाही."

"जुना फोन कुठं आहे?"

"काच फुटली होती. त्यांनी वाडीतल्या कारभारीकाकांना देऊन टाकला."

*

कारभारीची चहाची टपरी शेंद्र्याला कारखान्याच्या फाटकासमोर होती. साठीचा, जाडजूड, तोंडानं फटकळ माणूस.

"मी? मी कशाला फोटो हलवू?" तो भडकला. "उलट माझंच घर पार शेवटाला टाकलंय! देवळाला लागून, ऐन वाडीच्या मधी होतं आमचं घर. पोरानं दाखवलं मला. शेवटाला काय, तर शाळा, देऊळ आन् मी! लई राग आला."

त्यानं दोन कप पुढं केले. चहा घट्ट होता.

"दूध चांगलंय," रामहरी म्हणाला.

"म्हशीचं हाय. वाडीतबी आमच्याकडं म्हशीच. आख्ख्या वाडीत दारोदार शेळ्या, पर आमच्या आईला बोकडाचा वास खपत नव्हता. शेळी कधी दारात बांधली नाय."

सुकेशनीचा कप हातातच राहिला. "साहेबरावांनी तुम्हाला फोन दिला होता. कुठं आहे तो?"

"मला बटनाचाच बरा वाटतो. दिला एका बाईला. नवरा गेल्यापासून एकटीच असती, पोरं ऊसतोडीला जातात. तिला वाडीचे फोटो उघडून दाखवले, तर फोन हातातून सोडंना. म्हणलं, राहू दे तुलाच."

"तिला वाचता येतं?"

"छ्या!"

सुकेशनी उठली. "उद्या सकाळी साहेबरावांकडं या. येताना वाकडी वाट करावी लागली तरी या."

परतताना रामहरी म्हणाला, "म्हणजे ती फोनवाली बाई. पर तिला साहेबरावांचं काय वाकडं करायचंय?"

"काहीच नाही. तेच साहेबरावांना कळायला हवं."

*

दुसऱ्या दिवशी साहेबरावांच्या खोलीत चौघं बसले होते. दिपाली दाराजवळ उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. सुकेशनीनं वाडीचा नकाशा जमिनीवर पसरला.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली. "साहेबराव, हे तुम्ही केलेलं नाही. आठवण हरवत चाललेला माणूस फोटो इकडचे तिकडं करेल, पण चारही वेळा बावीसच्या बावीस फोटो एकाच क्रमानं लावणार नाही. आणि तुमच्या नव्या फोनवरून हे करताच येत नाही."

साहेबरावांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले.

"दुसरी गोष्ट. हा क्रम कसला आहे?" सुकेशनीनं शेवटचे तीन फोटो सोडून नव्या क्रमानं नकाशातल्या घरांना आकडे दिले आणि एक ते दोन, दोन ते तीन अशी रेघ ओढली. रेघ नाल्यापासून निघाली, एकही घर ओलांडून मागं न येता गल्लीतून वळत शाळेच्या टोकाला पोचली. "ही चालण्याची वाट आहे. दिपालीनं वाडी पाहिलेलीच नाही. तिला ही वाट ठाऊक असणं शक्य नाही."

कुणी दिपालीकडं पाहिलं नाही, पण कारभारीनं सरकून सतरंजीवर जागा केली.

"वाट वाडीतल्या माणसाची, हे उघड झालं. पण तीन ठिकाणं वाटेवर असूनही शेवटी का टाकली? शाळा, देऊळ आणि कारभारींचं घर. या तिन्हींत सारखं काय?"

"तिथं काय सारखं असणार?" कारभारी गुरगुरला.

"तिन्ही ठिकाणी शेळ्या नव्हत्या. वाडीत बाकी प्रत्येक दारात होत्या, हे तुम्हीच सांगितलंत. जिला या दारांशी थांबायचं काम नव्हतं, तिनं ती बाजूला ठेवली. रोज सकाळी दारोदार जाऊन गावाच्या शेळ्या सोडून रानात नेणारं कोण होतं?"

"बानाबाई," साहेबराव हळूच म्हणाले. "मल्हारीची बायको."

"फोटोखालच्या तारखांचा क्रम तिनं मोडला, कारण तिला त्या वाचता येत नाहीत. फोन कारभारींनी तिलाच दिला होता ना?" कारभारीनं मान डोलावली. "फोटो हलायचे एक ते तीनमध्ये. उन्हाच्या वेळी जनावरं सावलीला बसतात आणि राखणारीला रिकामपण मिळतं."

"आन् ते दगड?" रामहरीनं विचारलं.

"आतूनच काळे असलेले तीन दगड म्हणजे चूल. तो तिच्या घराचा फोटो आहे, रामहरी. तिची वाट घरापासून सुरू व्हायची आणि इथं तिचं घरच नव्हतं. म्हणून तिनं ते स्वतः लावलं." सुकेशनीनं पेन्सिल खाली ठेवली. "साहेबराव, माणसं ज्या क्रमानं निघून गेली, त्या क्रमानं तुम्ही फोटो लावले होते. तिनं माणसं जशी राहत होती त्या क्रमानं लावले."

 साहेबराव नकाशाकडं बघत होते. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "दिपाली, वॉचमनकडं डबा ठेवलाय का आज?"

"ठेवलाय, मामा."

"वर घेऊन ये. सगळे मिळून खाऊ. मग मला तिकडं जायचंय."

*

नाला कोरडा ठणठणीत होता. त्याच्या अलीकडं निळ्या पत्र्याचं कुंपण, आत कारखान्याची शेड. पलीकडं मोकळी जमीन, एक बाभूळ, तिच्या सावलीत सात शेळ्या आणि एक म्हातारी.

गाडीतून उतरलेली पाच माणसं बघून बानाबाईनं फोन पदराखाली लपवला.

"तुमचा फोन बिघाडला का माझ्यामुळं?" ती साहेबरावांना म्हणाली. "बोट दाबलं की फोटू उचलला जातोय. म्हणलं, घरं चुकीच्या जागी हायती, लावून ठेवावी. म्या लावायची, की दुसऱ्या दिवशी परत इस्कटलेली. मला वाटलं, फोनच तसला हाय."

"फोन चांगलाय," साहेबराव म्हणाले आणि तिच्यासमोर मातीतच बसले. "मी तुझ्या घराचा फोटो काढायला पाहिजे होता. चुकलं माझं."

"आमचं कसलं घर. चार कुडं." तिनं फोन पदराबाहेर काढला. "दुपारी एकडाव वाडीतनं फिरून येते. समदी दारं बंद. तुमच्या दारापाशी जास्त थांबते."

"माझ्या? का?"

"आशाबाई रोज माझ्यासंगं रानापर्यंत येत व्हती. तुम्हाला ठाव नाय व्हय? तुम्ही पहिल्या गाडीनं स्टुडिओला. पोरगं शाळंत. दिसभर घरात एकटीला करमंना म्हणायची. शेळ्या पुढं जायच्या आन् आमी दोघी मागं बसायचो. पाच-सहा वरसं."

साहेबरावांना हे ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी विचारलं नव्हतं, की दिवसभर तू काय करतेस.

"काय बोलायची ती?"

"लई बोलायची." बानाबाईनं सावलीकडं पाहिलं आणि काठी टेकत उठली. शेळ्याही उठल्या. टँकर दोन मैलांवर उभा राहायचा आणि जनावरांची पाळी चुकली की संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं. "आता सांगत बसले तर ह्यांचं पाणी ऱ्हाईल. उद्या या ना दुपारी. इथंच असते मी."

"उद्या येतो," साहेबराव म्हणाले.

ती शेळ्यांमागं चालू लागली. दिपालीनं हात दिला, तो धरून साहेबराव उठले, पण गाडीकडं वळले नाहीत. म्हातारी वळणाआड जाईपर्यंत ते तिथंच उन्हात उभे राहिले.