डाव्या स्कीतलं छिद्र

स्कारदालमध्ये दुकानातून स्की विकत आणणाऱ्या माणसाबद्दल कोणी वाईट बोलत नाही. त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. टेलेमार्कच्या त्या दरीत बटाटे आणि स्की घरचेच असावेत असा समज आहे, आणि बटाट्यांच्या बाबतीत तो अलीकडे थोडा सैल झाला आहे.

स्वेनुंगची गाडी बारा वर्षं बाहेर बर्फात उभी होती, कारण गॅरेजमध्ये प्रेस होता. जुन्या पुलाचे दोन लोखंडी गर्डर एकावर एक बसवलेले, आणि त्यांच्या मध्ये अग्निशमनवाल्यांनी मोडीत काढलेला जाड कापडी पाइप. पाइपात हवा भरली की तो फुगायचा आणि खालच्या लाकडी साच्यावर स्कीचे थर दाबून धरायचा. तळाला काळं प्लॅस्टिक, दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या, मग काचेचं कापड, मध्ये अ‍ॅशच्या लाकडाची पातळ फळी, वर पुन्हा कापड. आणि सगळीकडे थर चिकटवणारं इपॉक्सी, स्वेनुंगच्या दाढीसकट. एकतीस वर्षं त्याने जलविद्युत केंद्रात फिटर म्हणून काढली होती. जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा धर्म. चर्चमध्ये तो जायचा, पण तिथेही त्याचं लक्ष छताची तुळई यंदा किती वाकली याकडेच असायचं.

शेजारचा अस्लाक, निवृत्त पोस्टमन, रोज अकराला कॉफीला यायचा. कामाला हात लावायचा नाही. "मी देखरेख करतो," म्हणायचा, आणि ब्राऊन चीज घातलेला वॉफल तोंडात कोंबायचा.

फेब्रुवारीत ग्रू आली. स्वेनुंगची पुतणी, वय त्रेचाळीस, गुरांची डॉक्टर. बूट झटकत आत शिरली आणि म्हणाली, "काका, ईस्टरला मी पठार ओलांडणार. एकटी. बाबांच्या वाटेनं."

स्वेनुंगचा रंधा चालूच राहिला.

"आणि मला स्की हवी आहे ती त्या साच्यातली." तिने भिंतीवर टांगलेल्या जुन्या साच्याकडे बोट दाखवलं.

त्या साच्याला चाळीस वर्षं कोणी हात लावला नव्हता. तो स्वेनुंग आणि त्याचा थोरला भाऊ तारयेई, दोघांनी मिळून तासला होता. त्यातून निघालेली पहिली जोडी घेऊन तारयेई १९८३च्या ईस्टरला पठारावर गेला, आणि वादळात नाहीसा झाला. तो सापडला नाही, स्कीही सापडली नाही. ग्रू तेव्हा तीन वर्षांची होती.

"तुझ्या वजनाचं काय?" स्वेनुंगने विचारलं. नाही म्हणण्याचा त्याला तेवढाच मार्ग सुचला.

"बायकांना असं विचारतात होय रे?" अस्लाक म्हणाला.

"एकसष्ट किलो," ग्रू म्हणाली.

मग त्याने तिला नमुन्याच्या जोडीवर उभं केलं. स्कीला मधोमध किंचित कमान असते. पायाखाली कागदाचा कपटा सरकवायचा आणि माणसाने सगळा भार त्या एका पायावर टाकायचा. कमान दबून कागद घट्ट धरला गेला, आणि भार काढताच सुटला, तर स्की त्या माणसाची. स्वेनुंग गुडघे टेकून कागद ओढायचा आणि सांगायचा, "उचल पाय." ग्रूने लगेच उचलला. तिचा बाप पहिल्या सांगण्याला कधीच उचलायचा नाही. धाकटा भाऊ खाली बसून कागदाशी झटतोय याची त्याला भारी गंमत वाटायची. त्याला दोनदा सांगावं लागायचं.

अ‍ॅशच्या फळ्या तीनच जोड्यांपुरत्या होत्या.

पहिली जोडी प्रेसमधून काढून उलटी केली, तर एका स्कीच्या तळाला सुई शिरेल एवढं छिद्र होतं. आरपार. बुडबुडा राहिला असेल, स्वेनुंगला वाटलं. तरी सवयीने त्याने मोजलं. मधल्या खुणेपासून एकवीस मिलिमीटर मागे, आणि मधल्या रेषेच्या चार मिलिमीटर डावीकडे.

त्याने पुन्हा एकदा मोजलं.

दुसऱ्या जोडीला त्याने साचा चार वेळा पुसला. पाइपातली हवा दर तासाला तपासली. जोडी निघाली. एक स्की आरशासारखी. दुसरीला छिद्र. एकवीस. चार.

"उंदीर," अस्लाक म्हणाला.

"चार टनांच्या दाबाखाली?"

"नॉर्वेचा उंदीर आहे. कष्टाळू असतो."

तिसऱ्या जोडीत छिद्र तर होतंच, पण तिरकं धरून पाहिलं की आत काहीतरी चमकत होतं. स्वेनुंगने त्यावर कानस अलगद फिरवली. पोलादावर होतो तो आवाज झाला. त्या जागी पोलाद नव्हतं. असायचं कारण नव्हतं. अजून एकही स्क्रू त्याने लावला नव्हता. त्याने ते प्लॅस्टिक वितळवून बुजवलं, घासलं, वर मेण चढवलं. सकाळी बघतो तर छिद्र पुन्हा जागेवर.

अस्लाकने त्या दिवशी वॉफल खाल्ला नाही.

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा लागला आणि ग्रू जोडी न्यायला आली. स्वेनुंग म्हणाला, "ही मी तुला देणार नाही."

"का?"

त्याने अस्लाककडे पाहिलं. अस्लाक उठायला लागला. "बस," स्वेनुंग म्हणाला, "तूही ऐक."

मग त्याने सांगितलं. त्र्याऐंशी साली तारयेईच्या डाव्या स्कीवर बूट अडकवायची पट्टी बसवताना त्याने लांब स्क्रू वापरला. टोक तळातून बाहेर आलं, बरोबर याच जागी. त्याने कानशीने घासलं, मेण भरलं. पुरतं गेलं नाही. बर्फात डाव्या पायाच्या चाकोरीत एक बारीक रेघ उमटायची, सुईने ओढल्यासारखी. तारयेई हसला. म्हणाला, बरं झालं, आता माझी वाट कोणीही ओळखेल. "मी म्हणालो, उद्या बदलतो. तो दुसऱ्याच पहाटे निघाला. त्या छिद्रातून पाणी आत गेलं असणार. रात्री गोठलं असणार. पठाराच्या मधोमध स्की चिरली असणार. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही."

ग्रूने जोडी हातात घेतली. छिद्रावरून अंगठा फिरवला.

"तुम्हाला वाटतं, त्या स्क्रूनं बाबांना मारलं."

"वाटत नाही. मला माहीत आहे."

"मोजलंत का, काका?"

स्वेनुंगने कानस उचलून परत जागेवर ठेवली.

"मोजलं नसेल तर विश्वास ठेवायचा नाही. लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकतेय." तिने जोडी खांद्यावर टाकली. "मला हीच हवी."

परत फिरण्यात लाज नाही, असा इथल्या डोंगराचा नियम आहे. तो सगळ्यांना पाठ असतो आणि निघण्याआधी लोक तो एकमेकांना ऐकवतात. स्वेनुंगने आखूड स्क्रूंनी बुटाच्या पट्ट्या बसवल्या, छिद्राची स्की डाव्या पायाला, आणि तोही नियम ऐकवला. तिने मान डोलावली, पाठपिशवीत संत्री आणि चॉकलेट कोंबलं, आणि गुरुवारी सकाळी निघाली.

शनिवारी भर दुपारी पठार दिसेनासं झालं. हिमवादळ. बचाव पथकाने कळवलं की वारा पडल्याशिवाय कोणी वर जाऊ शकत नाही. अस्लाक स्वेनुंगच्या स्वयंपाकघरात खुनाची कादंबरी वाचत बसला. ईस्टरला सगळा देश खुनाच्या कादंबऱ्या वाचतो, त्याला इलाज नाही. एका तासात त्याने पान उलटलं नव्हतं. स्वेनुंगने हातातल्या कॅलिपरने टेबलाची जाडी सहा वेळा मोजली.

सोमवारी दुपारी ग्रू आली. चालत, जोडी खांद्यावर, गालांची साल निघालेली, ओठ फुटलेले. दारात उभी राहून म्हणाली, "कॉफी."

अस्लाकने ओतली.

"शनिवारी वाट दाखवायला बर्फात रोवलेल्या काठ्या दिसेनात," ती म्हणाली. "हात पुढे केला तर हात दिसेना. थांबले असते तर तिथेच संपले असते. मग पायाखाली चाकोरी लागली. ताजी. कोणीतरी नुकतंच पुढे गेलं होतं."

"तू गोल फिरलीस," अस्लाक घाईने म्हणाला. "वादळात होतं असं. माणूस स्वतःच्याच खुणांमागे जातो."

"अस्लाककाका, ती चाकोरी माझ्यापेक्षा खोल होती. जड माणसाची. आणि तिनं मला पठारावरच्या निवाऱ्याच्या झोपडीच्या दारात नेलं." ती स्वेनुंगकडे वळली. "डाव्या चाकोरीत रेघ होती, काका. सुईने ओढल्यासारखी. मी चार तास त्या रेघेवरून बोट काढलं नाही. ओणवी होऊन चालत होते."

"दारात कोण होतं?"

"कोणी नाही. चाकोरी दारापर्यंत होती. दाराची कडी बर्फाने गच्च. मी खोऱ्याने उकरली."

ती कोचावर झोपली. स्वेनुंग जोडी घेऊन गॅरेजमध्ये गेला, अस्लाक मागोमाग. स्वेनुंगने डावी स्की उलटी केली.

छिद्र नव्हतं. तळ काळा, सपाट. एकवीस मिलिमीटर मागे, चार डावीकडे, काहीच नव्हतं.

लांबून आलेल्या स्कीची कमान किती थकली ते बघायची त्याची पद्धत होती. त्याने जोडी सपाट फरशीवर ठेवली. दोन्हींच्या मधोमध कागद सरकवले.

उजवीखालचा कागद बोट लावताच बाहेर आला.

डावीखालचा आला नाही.

त्याने ओढला. कागद ताठ झाला. स्कीची कमान पूर्ण दबलेली होती, फरशीला टेकलेली. वर कोणी नव्हतं. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन तिच्यावर पडलं होतं.

अस्लाकने डोक्यावरची टोपी काढली.

स्वेनुंग गुडघ्यांवर बसला. वर पाहायचं त्याला धाडस झालं नाही. घसा खाकरून त्याने हलकेच म्हटलं, "दादा, पाय उचल."

कागद हलला नाही.

"दादा," तो म्हणाला, "उचल ना पाय."

कागद सुटला.